सहा-दहाच्या आधीचा शब्द

"जरा हे टोक धरता का?"

पहाटेचे पावणेसहा वाजले होते. स्टेशनच्या मोठ्या दालनात दिवे अर्धेच लागले होते आणि मी घड्याळाखालच्या भिंतीशी, माझ्या घोषणेच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. वळून बघितलं. एक उंच, सडपातळ माणूस... शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, चौथी कानावर आणि हातात लांबलचक टेप.

"एकच मिनिट. माझा मदतनीस आलाच नाही आज."

मी टोक धरलं. बोलले मात्र काहीच नाही, कारण सहा-दहाच्या गाडीची घोषणा होईपर्यंत मी कुणाशीच बोलत नसे. गेली नऊ वर्षं हे माझं रोजचं व्रत होतं. उठायचं, अंघोळ, देवापुढे हात जोडायचे, डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि मुक्यानेच स्टेशन गाठायचं. आमचे बाबा याच स्टेशनात तीस वर्षं पत्र्याच्या कर्ण्यातून गाड्या पुकारत. ते म्हणायचे, "घर सोडून निघालेला माणूस दहादा मागे वळून बघतो गं. दिवसाचा पहिला शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा. भांडणाने, कुरकुरीने उष्टा झालेला शब्द प्रवाशाला देऊ नये." बाबांची नोकरी संपली, कर्ण्याच्या जागी माइक आला, माइकपुढे मी आले. बाबांनी काही मागितलं नव्हतं, मीच देवाला सांगून टाकलं होतं.

टेप उलगडत तो समोरच्या भिंतीकडे निघाला. चालता चालता मागे वळून म्हणाला, "टेपचं टोक तुटलंय. एक फुटाच्या खुणेवर धरलंय ना?"

मी मान डोलावली.

मौनात माणूस होकार फार स्वस्तात देतो. दूधवाला काही विचारतो, मान डोलवायची. रिक्षावाला विचारतो, मान डोलवायची. आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतंच. त्याने टेप ताणली तसा तो एकदम थांबून वर बघायला लागला होता, तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखा. मीही वर बघितलं.

छपराच्या काचांतून उजाडत होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी कमानी, एकामागे एक, आणि मधे एकही खांब नाही. शंभरावर वर्षं ते छप्पर असं अधांतरी उभं होतं, कुणी हातांची ओंजळ उपडी धरावी तसं. मी रोज त्याखालून जात होते. त्या दिवशी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं आणि अंगावर काटा आला.

"मधे काहीच नाही..." तो पुटपुटला. शहाण्णव फूट दूर होता, पण ते दालन असं की पुटपुटलेलंही पलीकडे पोचायचं. "हे कसं उभं राहिलं असेल?"

मग आकडा वहीत टिपून तो परत आला. टेप गुंडाळताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी गप्प. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्याचा भाव आला. त्याने खूप सावकाश, ओठ स्पष्ट हलवत, हाताने खुणा करत म्हटलं, "तुमचे... खूप... आभार."

मला मुकी समजला होता बिचारा.

जिना चढताना मी तोंडावर पदर दाबून धरला. हसणंही मी मौनभंगच धरत असे.

स्टेशन बंद होणार हे सगळ्या शहराला वर्षभर ठाऊक होतं. नवीन स्टेशन बाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं होतं, चकचकीत, सरकत्या जिन्यांचं. तिथे माणूस बोलणार नव्हता. माझा आवाज आधीच भरून घेतला होता. दोन दिवस बसवून एक ते शंभर आकडे वेगळे, गावांची नावं वेगळी, "येत आहे" वेगळं, "सुटत आहे" वेगळं. यंत्र ते तुकडे जोडून बोलणार. आमच्या दालनाचं छप्पर मात्र भाग्यवान. ते उतरवून दुसऱ्या एका गावी, नदीकाठच्या बाजारावर चढवायचं ठरलं होतं. त्यासाठीच हा आला होता. बारा दिवसांत प्रत्येक कमान, प्रत्येक खिळा मोजायचा, कागदावर उतरवायचा आणि नकाशे घेऊन जायचं.

हे मला चहावाल्या मावशीकडून कळलं. तिने त्याचं नाव त्याच दिवशी 'फूटपट्टी' ठेवलं होतं.

दुसऱ्या पहाटेही फूटपट्टी जिन्यापाशी उभा. या वेळी त्याने माझं बोट धरून... म्हणजे अगदी अदबीने, दोन बोटांत धरून टेपच्या एक फुटाच्या खुणेवर ठेवलं आणि म्हणाला, "इथे." मी तिथे धरलं. त्या दिवसापासून रोज तिथेच धरलं. बोट मात्र दिवसभर कोमट राहिलं.

मोजता मोजता तो बोलत राही. समोरचा बोलत नसला की माणसं मन मोकळं करतात.

"इथल्या घोषणा करणाऱ्या बाई ऐकल्यात तुम्ही?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं आणि जीभ चावली. "माफ करा. ऐकू येतं ना तुम्हाला?"

मी मान डोलावली.

"मी वर कमानीवर असतो, आणि तो आवाज येतो... अगदी खालून, जमिनीतून आल्यासारखा. काल मी रिवेट, म्हणजे कमानीचे खिळे, मोजत होतो. चारशेबारापर्यंत आलो, आणि त्या म्हणाल्या, 'सर्व प्रवाशांना शुभ प्रवास.' बस्स. परत एकपासून मोजले." तो हसला. "पन्नाशीच्या असतील. जाड चष्मा. कडक शिस्तीच्या. घरी नातवंडं."

मी खाली बघितलं. माझं वय अठ्ठावीस.

त्या दिवशी दहा वाजता मी मावशीच्या टपरीवर गेले. तो पाठमोरा बसून वहीत काही रेखाटत होता, शेजारी कप निवत होता. मी अगदी माइकवरच्या आवाजात म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. आपला चहा थंड होत आहे."

त्याच्या हातातली पेन्सिल पडली. कानावरचीही पडली.

मावशी पोट धरधरून हसली. "अरे फूटपट्टी, ही मुकी नाही. सकाळचं मौन असतं तिचं. गावाला ठाऊक आहे, तुला सोडून."

तो उभा राहिला. कानापर्यंत लाल. "म्हणजे... ते रिवेटचं..."

"चारशेबारा," मी म्हटलं.

"आणि ते पन्नाशीचं..."

"नातवंडं बरी आहेत."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पहाटे मी गप्प, तो बोलका. दुपारी मी बोलकी, तो गप्प. तो मला मी रोज बघितलेल्या गोष्टी दाखवायचा. पायऱ्यांचा दगड मधोमध कसा खोलगट झालाय, आणि ती खोली पाऊण इंच आहे. "पाऊण इंच दगड नुसत्या पावलांनी झिजवायला किती माणसं लागली असतील?" मी त्याला माझ्या गोष्टी दाखवायचे. मुकाट उभं राहून एक टाळी वाजवली की दालन साडेतीन सेकंद घुमत राहतं. म्हणून मी दोन गावांच्या नावांत तेवढं थांबते, नाहीतर गावं एकमेकांवर आपटतात.

"हे वहीत कुठल्या रकान्यात लिहू?" त्याने विचारलं.

"फुटात बसत नाही?"

"बसतं. पण तुमचं थांबणं बसत नाही."

नवव्या दिवशी सूचनांचा जुना फळा उतरवला. मागच्या भिंतीचा गिलावा निघाला आणि उघड्या विटा दिसल्या. त्यांतल्या एका विटेवर हाताचा ठसा होता. ओली असताना कुणीतरी उचलली असेल. चार बोटं, अंगठा... लहानसा, बाईचाच हात. बाहेर अवेळी पाऊस लागला होता, वरच्या काचांवर हजारो टाचण्या पडल्यासारखा आवाज. आम्ही दोघं त्या विटेपुढे उभे राहिलो. त्याने टेप काढली, आणि तशीच परत खिशात ठेवली.

"तुमचा हात लावून बघा," तो हळूच म्हणाला.

मी लावला. बोटाला बोट बसलं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बाईला ठाऊक तरी होतं का, की तिच्या विटेवर केवढं आभाळ तोलून धरलं जाणार आहे? माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. त्याने डोळे मिटले होते. तो देवाचं करतो की नाही हे मी कधीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारायची गरज उरली नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तो जिन्याच्या पायरीवर नुसता बसला होता. नकाशे नळीत भरून झाले होते.

"उद्या सहा-दहानेच निघतोय," तो म्हणाला. "दुपारपर्यंत नकाशे मुख्य कचेरीत द्यायचेत. तुमच्या शेवटच्या दिवसाला मी नसेन."

मी शेजारच्या पायरीवर बसले.

"एक गोष्ट मनाला लागलीय. दालन निमुळतं आहे. दाराकडची रुंदी शहाण्णव फूट, घड्याळाकडची पंचाण्णव फूट चार इंच. आठ इंचांची चूक. इतकं देखणं काम, आणि..." त्याने मान हलवली. "परत मोजणार होतो, पण दुसऱ्याच दिवशी त्या भिंतीशी बाकांचा ढीग लागला, तो अजून तिथेच. तसंच लिहून दिलं. नव्या जागी त्या बाजूचे पाये आठ इंच आत घेतील."

मला का कोण जाणे, राग आला. त्याचा नव्हे... पण त्या विटेवर हात ठेवणारी माणसं आठ इंच चुकतील?

"आणि दुसरी गोष्ट," तो आता माझ्याकडे न बघता टेप उगाच गुंडाळत होता. "छप्पर चढवायला मी दोन वर्षं त्या नदीकाठच्या गावी असेन. तिथे... टेपचं टोक धरायला माणूस लागेल. पगारी मदतनीस मिळतात. मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये."

दालनात दिवे लागत होते. मला सगळं कळलं होतं आणि एक शब्दही सुचत नव्हता. या शहरात माझे बाबा, माझी आई, माझी खोली. एवढ्या वर्षांत मी हजारो लोकांना गावोगावी रवाना केलं, स्वतः कधी गाडीत बसले नव्हते.

त्याने टेप खिशात ठेवली. मग उठला.

"पहाटेचं मौन कळतं मला," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "संध्याकाळचं नाही कळलं. पण... असू दे."

शेवटच्या दिवशीची पहाट. मी उशिरा, सहा वाजता आले तेव्हा हमाल बाक हलवत होते. घड्याळाखालची भिंत दहा दिवसांनी मोकळी झाली होती. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, उजवा हात सवयीने भिंतीला टेकला...

आणि हाताला आठवलं.

पहिल्या दिवशी मी टेप इथेच धरली होती. पण खुणेवर नाही. अगदी टोकाला, जिथे ती तुटली होती तिथे, भिंतीला घट्ट टेकवून. खूण काय असते ते मला दुसऱ्या दिवशी त्याने बोट धरून दाखवलं तेव्हा कळलं. त्या पहाटे मी नुसती मान डोलावली होती. टेप चार इंच तुटलेली, आणि खुणेवर धरलीय असं समजून त्याने वजा केला पूर्ण फूट. आठ इंच. चूक त्या माणसांची नव्हती. माझी होती.

फलाटावर सहा-दहा उभी होती. तो डब्याच्या दाराशी, नळी खांद्याला. मी धावले.

"तुम्ही?" त्याचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला. "निरोप द्यायला आलात."

मी जोरजोरात मान हलवली. त्याच्या पिशवीतून टेप ओढून काढली. तुटलेलं टोक त्याच्यापुढे नाचवलं, भिंतीकडे बोट दाखवलं, स्वतःकडे बोट दाखवलं, पुन्हा टोक.

तो बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. "ठेवा," तो म्हणाला. "आठवण म्हणून ठेवा. मी दुसरी घेईन."

हे देवा.

मी परत भिंत दाखवली. त्याने भिंतीला हात जोडले.

गार्ड शिट्टी ओठांशी नेत होता. वर माझी खोली रिकामी, माइक बंद, घड्याळात सहा-आठ. वर जाऊन घोषणा करीन तर ही गाडी माझ्याच शब्दावर सुटेल, आणि त्याच्यासोबत माझी चूकही. नदीकाठी पाये खोदले जातील, कमानी आणतील, आणि त्या बसणार नाहीत. आणि कुठल्याशा कागदावर कायमचं लिहिलेलं राहील की बांधणारे चुकले. आणि हा... हा मला समजेल ते समजत आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या हातात टोक देत राहील.

नऊ वर्षं. मी डोळे मिटून मनात म्हटलं, देवा, क्षमा कर.

"थांबा."

तो दचकला. गार्डनेही शिट्टी खाली घेतली. नऊ वर्षांत मी प्रवाशांना काय काय सांगितलं होतं, पण हा शब्द कधीच नाही.

"पहिल्या दिवशी मी टेप खुणेवर धरली नव्हती. टोकालाच धरली होती. तुम्ही विचारलंत, आणि मी काही न ऐकता मान डोलावली. दालन सरळ आहे. ती माणसं चुकली नाहीत."

त्याने एकदा दालनाकडे वळून बघितलं. मग त्याने नळी खांद्यावरून उतरवली, पिशवी फलाटावर ठेवली.

"तुमचं सहा-दहापर्यंतचं..." त्याच्या आवाजात भीतीच होती. "तुम्ही मोडलंत?"

"माझी गाडी चुकेल," मी म्हटलं आणि बावन्न पायऱ्या पळत चढले. त्या पहाटेची घोषणा धापा टाकत झाली. प्रवासी भिंतीवरच्या भोंग्यांकडे बघत राहिले. गाडी सुटली आणि खाली फलाटावर एकच माणूस उरला.

मग आम्ही घड्याळाकडची रुंदी पुन्हा मोजली. मी खुणेवर बोट ठेवलं, त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा मोठ्याने सांगितलं. शहाण्णव फूट. इंचही कमी नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला.

"तार करतो कचेरीत, नकाशे उद्या," तो उठत म्हणाला. "आणि माझ्या त्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर?"

"शेवटची गाडी जाऊ दे," मी म्हटलं. "तोवर मी नोकरीवर आहे."

दुपारी आई-बाबा आले. बाबांनी पत्र्याचा कर्णा पुसून बरोबर आणला होता. टपरीवर, मावशीदेखत, मी त्यांना व्रत मोडल्याचं सांगितलं. डोळे आवरेनात.

बाबांनी चहा बशीत ओतला. "काय बोललीस त्याला?"

"थांबा म्हटलं."

"कुठे होता तो?"

"फलाटावर. डब्याच्या दाराशी."

"तिकीट होतं?"

"होतं की."

"मग प्रवासीच होता ना," बाबा शांतपणे म्हणाले आणि बशी तोंडाला लावली. "पहिला शब्द प्रवाशालाच गेला. मोडलं काय त्यात?"

आईने त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग दूर शिडीवर उभ्या असलेल्या फूटपट्टीकडे बघितलं. "एवढ्या उंचावर चढतो," ती म्हणाली. "जेवतो तरी का नीट?" मावशी म्हणाली, "विचारा ना, जावई म्हणून विचारा." आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं, पण ओरडली नाही.

शेवटची गाडी संध्याकाळी सहा-चाळीसला होती. दालन माणसांनी भरलं होतं. कुणालाच कुठे जायचं नव्हतं, नुसते बघायला आले होते. छपराच्या काचा केशरी झाल्या होत्या. मी बाबांना वर आणलं, त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून कर्णा धरला आणि आम्ही दोघांनी मिळून ती गाडी पुकारली, त्यांचा थरथरता आवाज आणि माझा. शेवटच्या गावाचं नाव घेऊन आम्ही थांबलो. साडेतीन सेकंद दालन ते नाव परत म्हणत राहिलं, घुमवून, सावकाश, आणि कुणीही हललं नाही. हजार माणसं, आणि श्वास ऐकू यावा इतकी शांतता. मी आयुष्यात पुष्कळ देवळांत गेले आहे. तसं मौन कुठेच ऐकलं नाही.

गाडी गेली. माणसं पाय न वाजवता पांगली. मी माइक बंद केला, त्यावर कापड घातलं आणि खाली आले.

तो समोरच्या भिंतीशी उभा होता. मी घड्याळाखाली. मधे शहाण्णव फूट, आणि एकही खांब नाही.

"ऐकू येतंय?" तो पुटपुटला. त्या दालनात पुटपुटलेलंही पोचायचं.

"हो."

"येतेस?"

पहिल्यांदाच त्याने मला तू म्हटलं.

मी वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही. त्याच्याकडे बघत, विचारलेलं नीट ऐकून, मी मान डोलावली.